दोंडाईच्याचा नाताळ, 1967

24 डिसेंबर 1967, रविवार. दिवस उगवायला अजून तास-दीड तास आहे. भुसावळकडून आलेल्या पॅसेंजरमधून तुम्ही दोंडाईच्याला उतरता तेव्हा माथ्यावर अर्धा चंद्र आहे, पूर्वेला शुक्र झगझगतो आहे आणि उत्तरेचा वारा सदऱ्यातून थेट हाडांना भिडतो आहे. सोबतचे काका भुसावळला रेल्वेत नोकरीला. नाताळसाठी घरी आलेत. एक पत्र्याची पेटी ते तुमच्या हाती देतात. "धरा, भाऊ. चहा घरीच घेऊ."

घर धाब्याचं. अंगणात पऱ्हाटीची शेकोटी पेटली आहे, भोवती कानटोप्या घातलेली पोरं आणि घोंगडी पांघरलेली आजी. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. "ये, बठ," म्हणत आजी सरकून जागा करते. कपबशीतला चहा ओठांशी नेईपर्यंत निवतो, इतकी थंडी.

सकाळच्या उपासनेत पेटी, तबला आणि झांजा आहेत. खानदेशात शुभवर्तमान घेऊन आलेल्यांत परदेशी माणसं होती. अमेरिकेत 1890 साली फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी उभारलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं त्यातलीच. पण गळ्यात बसली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं. टिळकांना जाऊन 48 वर्षं झाली, तरी मागच्या सतरंजीवरची निरक्षर बाई ती तोंडपाठ म्हणते आहे. वारकऱ्यांच्या अभंगावर वाढलेल्या कानाला येशू त्याच चालीत भेटला, हे टिळकांचं केवढं देणं! शेवटच्या प्रार्थनेत पाळक कोयनेचं नाव घेतात. 11 तारखेच्या पहाटे तिथं धरणी हादरली, दीडशेहून अधिक माणसं गेली. कितीतरी घरं यंदा उघड्यावर आहेत, या थंडीत. सगळे मान खाली घालून उभे राहतात.

दुपारी उन्हाला पाठ देऊन भरीत. हिरवी, लांबोडकी, मोठाली वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात, साल काढून लाकडी बडगीत ठेचली जातात, आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडते. सोबत कळण्याची भाकरी. वाऱ्याची झुळूक गावाबाहेरच्या पथारीवरून आली की वाळत्या मिरचीचा ठसका लागतो आणि अख्खी पंगत एकदम खोकते. आत माय करंज्या तळते आहे. दिवाळीच्याच साच्यातल्या.

मग काकांची पेटी उघडते. केक, पतंगी कागद, आणि साहेबानं दिलेलं एक शुभेच्छापत्र. त्यावर बर्फात बुडालेलं घर. सगळ्यात धाकटी ते उलटसुलट करून बघते आणि विचारते, "येशूबाळ आला तेव्हा असा बर्फ होता?"

तुम्ही उत्तर द्यायला जाल, पण थांबा. तिचे वडील कंदिलाच्या कामट्यांना खळ लावता लावता उठतात, हात पुसतात आणि लूकचा दुसरा अध्याय काढतात. त्यात बर्फ नाही. रात्री रानात राहून कळप राखणारे मेंढपाळ आहेत. 'रानात' या शब्दावर ते बोट ठेवतात.

"बर्फ मी पाह्यलाय," आजी म्हणते. सगळे वळतात. तिचं माहेर सातपुड्यात, मोलगीकडचं. डाबच्या पठारावर थंडीच्या दिवसांत, आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की पहाटे दव गवतावरच गोठतं. ती लहानपणी अनवाणी त्यावरून गेली होती. पाय भाजल्यासारखे झाले, ती सांगते. बापानं खांद्यावर घेतलं आणि चूल पेटवून तळवे शेकले. शुभेच्छापत्र आता पोरीच्या हातून कुठंतरी पडलं आहे. तिला बापाचा खांदा किती उंच होता, ते हवं आहे. तुम्हालाही.

रात्री सगळी मंडळी गाणी म्हणत निघतात. पुढं चांदणीचा कंदील, मधे झांजा, मागं आजी. घोंगडीचं एक टोक तिनं तुमच्या खांद्यावर टाकलं आहे. गाव संपतं तिथल्या शेतात ठेलाऱ्यांचा वाडा बसला आहे. पावसाळा सरला की हे धनगर कळप घेऊन बाहेर पडतात. रात्रभर मेंढ्या बसल्या की शेताला लेंडीखत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. कुत्री भुंकतात. जाळापाशी बसलेला म्हातारा काठी टेकत उठतो. बायको पोराला पोटाशी धरून गोधडीतून डोकावते. इतक्या रात्री, इतक्या थंडीत झांजा कसल्या, हे त्यांना कळत नाही.

"कोनं लगीन शे, भो?" म्हातारा विचारतो.

आजी पुढं होते, करंज्यांची पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवते.

"लगीन नई, दादा. पोऱ्या व्हयना."