मोरचूद आणि दिवसांची मोजणी

खाऱ्या पाण्यातला मासा काचपेटीत मेला, की पाणी बिघडले असणार, ही समजूत मत्स्यालयांच्या सुरुवातीच्या काळात फार घट्ट होती. तिला कारणही होते. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, गोगलगायी आणि मासे यांचा मेळ बसवला, तर पाणी न बदलताही ते टिकते हे दाखवून दिले. 1853 मध्ये रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पाण्याचा समतोल साधला की सगळे साधले, अशा विचारात परजीवीला जागाच उरत नाही. मासा मेला म्हणजे सांभाळणाऱ्याचा हिशेब चुकला, एवढेच.

हा समज ढासळला तो लंडनच्याच मत्स्यालयात. 1931 मध्ये ब्राउन यांनी तिथल्या माशांच्या कल्ल्यांवर एक सूक्ष्म परजीवी नोंदवला. आज आपण त्याला ॲमिलूडिनियम म्हणतो. पाठोपाठ न्यूयॉर्क मत्स्यालयात निग्रेली यांनी 1936 मध्ये त्याचे जीवनचक्र मांडले. जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्ये समुद्री माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचे वर्णन केले, आणि त्या ठिपक्यांमागच्या दुसऱ्या जीवाला 1951 मध्ये ब्राउन यांनीच क्रिप्टोकॅरिऑन हे नाव दिले. दोन्ही जीवांची चाल सारखी आहे. माशावर पोट भरायचे, गळून तळाशी जायचे, कोश करायचा, आणि त्या कोशातून पोहणारी पिल्ले सोडायची. क्रिप्टोकॅरिऑनच्या एका कोशातून अशी दोनशेच्या आसपास पिल्ले निघू शकतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. मोकळ्या समुद्रात बहुतेकांना तो सापडत नाही. चार काचांच्या आत मात्र मासा समोरच असतो. म्हणजे हा रोग समुद्रातून आला खरा, पण साथ मत्स्यालयाने घडवली, आणि ती आवरायची तर या चक्राचे दिवस मोजावे लागतात.

यावर उपाय म्हणून जे औषध गाजले ते आपल्या ओळखीचे मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी 1955 मध्ये ॲमिलूडिनियमवर त्याचा वापर मांडला, आणि पुढे तांबे हा समुद्री मासे पाळणाऱ्यांचा पहिला आधार झाला. तेव्हा रोग आवरला तो औषधाने, दिवस मोजण्याला एवढे महत्त्व कशाला, असा आक्षेप रास्तच आहे. पण तांबे नेमके काय करते ते पाहावे. ते मारते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना; कोशाच्या भिंतीआड असलेल्यांना त्याची झळ फारशी लागत नाही. म्हणून शेवटचा कोश फुटेपर्यंत पाण्यातली मात्रा टिकवावी लागते. प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते, आणि मात्रा जरा वाढली तरी माशालाच बाधते. शिवाय प्रवाळ आणि कोळंबी यांना तर थोडे तांबेही चालत नाही. त्यामुळे उपचार मूळ टाकीत करायचाच नाही, नव्या माशाला आधी वेगळ्या, वाळूविरहित टाकीत ठेवायचे, ही रीत औषधानेच भाग पाडली. तांब्याची खरी किंमत ते किती दिवस पहारा देते यावर ठरते.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते इस्राएलमधल्या ऐलात इथे. 1987 मध्ये अँजेलो कोलोर्नी यांनी मांडलेल्या पद्धतीत औषधाचा थेंब नव्हता. क्रिप्टोकॅरिऑनचे कोश साधारण तीन दिवसांच्या आत फुटत नाहीत, म्हणून दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचे, असे चार वेळा. गळलेले परजीवी मागच्या टाकीत राहतात, आणि त्यांची पिल्ले निघतात तेव्हा मासा तिथे नसतो. कोश एकाच वेळी फुटत नाहीत, काही तिसऱ्या दिवशी तर काही तीन-चार आठवड्यांनी, म्हणून मूळ टाकीही माशांविना दीर्घकाळ रिकामी ठेवावी लागते.

हजारो लिटरच्या सार्वजनिक टाकीतून मासे असे उचलणे शक्य नाही, हा आक्षेप मान्यच करावा लागतो; वारंवार पकडल्याने मासा बिथरतो हेही खरे. दर तीन दिवसांच्या याच वेळापत्रकावर ॲमिलूडिनियमच्या बाबतीत विसंबता येत नाही. त्याची साथ इतक्या झपाट्याने पसरते की तिथे पुन्हा मोरचुदाकडेच वळावे लागते. वेळापत्रक बदलते, कारण जीव वेगळा आहे. आणि कोणता जीव आहे हे ठिपके पाहून नव्हे, तर कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच कळते.