श्वान-आरोग्य : वर्तकनगर परिसर

वर्तकनगर ही ठाण्यातील येऊरच्या डोंगराजवळची वस्ती. म्हाडाच्या इमारती, पोखरण रस्त्यालगतचे टॉवर, जवळ उपवन तलाव आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान. दमट हवा, लांबलेला पावसाळा आणि जंगलाचा शेजार यांचा विचार करूनच येथे कुत्र्याची निगा राखावी लागते.

सर्वांत जास्त जपायचे ते गोचिडांपासून. तपकिरी गोचीड घरातही वाढते. रक्त पिऊन टपोरलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसते औषधी शाम्पूने न्हाऊ घालून भागत नाही. गादी, फटी आणि बाल्कनीचे कोपरेही साफ करावे लागतात. उपवनाकडून फिरवून आणल्यावर कानांची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची मान रोज तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, बोटांनी चिरडू नये.

गोचीडताप (बोलण्यात ‘टिक फीवर’) हे एकाच रोगाचे नाव नाही. एर्लिकिया हा जंतू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो; प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येते. बॅबेसिया हा दुसरा जंतू तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. दोन्हींची औषधे वेगळी, म्हणून रक्त तपासूनच उपचार करावेत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. कुत्रा खाऊ लागला की गोळ्या बंद करणे ही घातक सवय आहे. निरोगी कुत्र्याचे तापमानही १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हात लावून ताप ठरवू नये. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नये.

पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो माणसालाही होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. त्याची लस आहे, पण साचलेल्या पाण्यापासून कुत्र्याला दूर ठेवणे तितकेच गरजेचे.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस सुरू करावी आणि सोळा आठवड्यांपर्यंत मात्रा पूर्ण कराव्यात. जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा पोसत नाही. कांदा-लसणाची फोडणी, मनुका-बेदाणे आणि चॉकलेट विषारी. दिवाळीत याकडे विशेष लक्ष हवे.

जंगलाच्या शेजाराचा धोकाही आहेच: फेब्रुवारी २०१९ मध्ये जवळच्या समतानगरमधील एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे, तेव्हा डोंगराकडच्या सोसायट्यांनी रात्री कुत्रा बाहेर बांधू नये आणि उघड्यावर कचरा टाकू नये.

गुंतागुंतीच्या आजारांसाठी ठाणेकर परळ गाठतात. तेथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले आहे, तर त्याच आवारातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी द्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.