दाबून बसवलेले खेळ

छापील पुस्तक टिकावे म्हणून भारतात १९५४ पासून कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. संगणकावरच्या खेळांसाठी मात्र असा कायदा नाही. मग एका अख्ख्या पिढीने खेळलेले हे खेळ राहिले कोठे? उत्तर अडचणीचे आहे. त्यांतले पुष्कळसे बेकायदा प्रतींमध्येच राहिले.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तो काळ सीडींचा होता. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावांपर्यंत खेळ अधिकृत दुकानातून पोचण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. एकाकडची सीडी दुसऱ्याने उतरवून घ्यायची. पुढे पेन ड्राइव्ह आला, मग मोबाइलच्या दुकानात भरून मिळणारे मेमरी कार्ड. २००४ च्या सरकारी धोरणाने ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान वेग ठरवला तो सेकंदाला २५६ किलोबिट. या वेगाने तासाला जेमतेम ११५ मेगाबाइट उतरतात. चाळीस गिगाबाइटचा खेळ घ्यायचा तर सलग चौदा दिवस लागणार, तेही वीज न जाता. तोच खेळ दाबून पंधरा गिगाबाइटवर आणला, तर काम साडेपाच दिवसांत होते. दाबलेल्या आवृत्त्यांना गिऱ्हाईक का मिळाले, ते या हिशेबातच आहे.

हे दाबणे म्हणजे काय? जुन्या वह्यांत तोच तपशील पुन्हा आला की कारकून ‘कित्ता’ लिहून मोकळा होई. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत मुळात हीच: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता, तो मागे कोठे आणि किती लांबीचा आहे, एवढेच नोंदवायचे. डेव्हिड हफमनने १९५२ मध्येच दाखवले होते की वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण द्यावी. आजची साधने या दोन कल्पनांवर उभी आहेत.

पण दाबण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. ‘रिप’मध्ये खेळातली गाणी आणि चित्रफिती कापूनच टाकत. ‘रीपॅक’मध्ये सहसा नको असलेल्या भाषांचे आवाज वगळतात, पण बाकीचा माल घट्ट बांधतात, उलगडायला तासन्‌तास लागतात, पण हाती येते ते मूळच. वाचकांच्या सोयीसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती आणि बारीक अक्षरात उतरवलेली संपूर्ण पोथी यांत जो फरक, तोच इथे.

‘जीटीए : व्हाइस सिटी’चे उदाहरण बोलके आहे. २००३ मध्ये संगणकावर आलेला हा खेळ महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये घरचाच झाला होता. त्याच्या आकारातला मोठा वाटा मोटारीतल्या रेडिओच्या गाण्यांचा. त्यामुळे काही दाबलेल्या प्रतींत रेडिओच गप्प असे. गंमत पुढे आहे. गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्यावर २०१२ मध्ये कंपनीनेच विक्रीच्या आवृत्तीतून काही गाणी काढली, त्यांत मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ही होते. म्हणजे विकत घेणाऱ्याला जे मिळेना, ते जुन्या सीडीच्या पूर्ण नकलेत शाबूत राहिले.

विकत घेतलेली सीडीही पुरत नाही. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ‘सेफडिस्क’ या जुन्या कुलपाचा आधार काढला गेला आणि अनेक अस्सल सीडी चालेनाशा झाल्या. खुद्द कंपन्यांनाही चोरवाट सोयीची वाटली: ‘मॅक्स पेन २’च्या अधिकृत विक्रीप्रतीत ‘मिथ’ या कुलूपतोड्या गटाची खूण २०१० मध्ये सापडली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत.

म्हणून नक्कल करणारे सगळे जतनकर्ते ठरत नाहीत. बहुतेकांना फुकट खेळायचे होते, कित्येकांनी प्रतींत विषाणू घुसवले, आणि नव्या खेळाची चोरी त्याच्या कर्त्याच्या पोटावर येते. आपल्या कायद्यात जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणे हा गुन्हा आहे. मात्र कायद्याची दुसरी बाजू तोकडी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असावी. संगणकाच्या खेळाची अशी प्रत असणार कशी? तो जन्मतःच डिजिटल. पुस्तकासाठी उघडलेले दार खेळासाठी बंदच राहते.

याच जिल्ह्यातले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची पदे आपल्यापर्यंत आली ती कीर्तनकारांच्या बाडांतून, आणि शिखांच्या आदिग्रंथातल्या ६१ पदांतून. बाडांत पाठभेद आहेत, इतरांची भरही आहे. तरी अभ्यासक ती फेकून देत नाहीत, ताडून पाहतात. खेळांच्या नकलांनाही हीच शिस्त लावता येईल: कोणत्या प्रतीत काय कापले, काय बदलले, याची नोंद करायची. त्यासाठी आधी ग्रंथालयाला अशी प्रत उघडपणे ठेवता आली पाहिजे. सीडींचे आयुष्य मर्यादित असते आणि मराठवाड्यातल्या घरांतल्या जुन्या हार्ड डिस्क आता भंगारात निघू लागल्या आहेत. कायद्यातली ती एक अट बदलायला उशीर झाला, तर ताडून पाहायलाही काही उरणार नाही.