लेखकाचें स्वतःचें ठिकाण

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हें गांव आहे. आषाढी वारीसाठीं ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघाली म्हणजे ती दिघीवरूनच पुण्याकडे येते. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. एका अंगास लष्करी संस्था, दुसऱ्या अंगास भोसरीचे कारखाने, आणि मध्यें नोकरदार कुटुंबांची दाट वस्ती, असें त्याचें आजचें रूप आहे. अशा वस्तींत राहून, दिवसां नोकरी करून रात्रीं लिहिणारा मनुष्य आज विरळा नाहीं. त्याचें एखादें पुस्तक निघालेलें असतें, चार लेख मासिकांतून आलेले असतात. आणि मग त्याच्या मनांत येतें कीं, आपल्या नांवाचें एक साधें संकेतस्थळ असावें, म्हणजे ज्यास आपलें लेखन पाहावयाचें असेल त्यानें सरळ तेथें यावें. ही इच्छा नवी वाटते, परंतु तिच्या मागचा प्रश्न फार जुना आहे. आणि त्या प्रश्नाचा इतिहास आळंदी, देहू, चाकण व पुणें ह्या दिघीच्या शेजाऱ्यांनींच बराचसा घडविलेला आहे. तो इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावा, आणि त्याच्या उजेडांत ह्या नव्या साधनाचा विचार करावा, असा ह्या भाषणाचा हेतु आहे.

लेखकाचें ठिकाण म्हणजे केवळ त्याचा पत्ता नव्हे. त्यांत तीन गोष्टी याव्या लागतात. पहिली, वाचकास ओळखतां येईल असें नांव. दुसरी, लेखकानें मान्य केलेली लेखनाची शुद्ध प्रत. आणि तिसरी, त्या दोहोंची काळजी घेणारा कोणी मनुष्य. ह्यांपैकीं एकही गोष्ट निसटली कीं काय होतें, हें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत जागोजाग दिसतें.

आळंदीपासूनच आरंभ करूं. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें नेवासें येथें सिद्ध झाली, आणि ती सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली. पुढें प्रतीवरून प्रत होत गेली. नकलकारांनीं अजाणतां चुका केल्या; कोणीं कोणीं आपल्या पदरच्या ओव्याही जाणूनबुजून घातल्या. ग्रंथकर्ता तर आळंदीस समाधिस्थ. मग 'ही ओवी माझी नव्हे' असें सांगणार कोण? तें काम सुमारें तीनशें वर्षांनीं पैठणच्या एकनाथमहाराजांनीं केलें. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्यें, त्यांनीं निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढें त्यांत कोणीं आपली भर घालूं नये अशी ताकीदही शेवटीं नोंदवून ठेवली. आज एकाची कविता दुसऱ्याच्या नांवानें हजारों लोकांच्या दूरध्वनियंत्रांवरून फिरते, मधल्या ओळी गळतात, नव्या चिकटतात. ती पाहून ज्यास हळहळ वाटते, त्यानें एकनाथांचें हें कार्य आठवावें. कवि हयात असतांना स्वतःच्या नांवाच्या जागीं शुद्ध पाठ ठेवून गेला, तर पुढच्या पिढीचे पुष्कळसे श्रम वांचतील.

आळंदीहून इंद्रायणीच्या कांठानें वर गेलें म्हणजे देहू लागतें. तुकोबांच्या वह्या नदींत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, ही परंपरेची कथा प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. कथेकडे भक्तानें भक्ताच्या दृष्टीनें पाहावें. परंतु तुकोबांची वाणी तरली ती अनेक हातांनीं उतरून घेतलेल्या प्रतींमुळेंही, हें विसरतां येत नाहीं. चाकणचे संताजी जगनाडे हे व्यवसायानें तेली. घाण्याचें काम करणाऱ्या ह्या गृहस्थानें अभंगांच्या वह्या लिहून ठेवल्या. कडूसचे गंगाराम मवाळ ह्यांचें नांवही परंपरा अशाच आदरानें घेते. सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्यानें १८६९ व १८७३ मध्यें दोन भागांत छापलेली 'इंदुप्रकाश' छापखान्याची गाथा देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितें जुळवून तयार झाली. जगनाड्यांच्या वह्यांवरून ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे ह्यांनीं १९१९-२० च्या सुमारास वेगळा गाथा प्रसिद्ध केला. आज जेथें मोटारींचे कारखाने उभे आहेत त्या चाकणच्या एका तेल्यानें आपल्या लेखणीनें जें राखलें, त्यावर पुढच्या संशोधकांस उभें राहतां आलें. कविता कवीची असते, पण ती टिकविण्याचें पुण्य पुष्कळदां दुसऱ्याच्या पदरीं जातें.

छापखाना आला तेव्हां नकलकारांची अडचण संपली, परंतु नवी अडचण उभी राहिली. आतां पाठ बिघडण्याचें भय कमी. मात्र छापावें कीं न छापावें हें ठरविणारा मनुष्य लेखकाच्या व वाचकाच्या मध्यें येऊन बसला. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८५५ मध्यें 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलें. कमिटीनें तें नाकारलें. तें नाटक छापून लोकांसमोर यावयास १९७९ साल उजाडावें लागलें. पुढें 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें 'दीनबंधु' पत्रांत आलीं आणि पुढचीं थांबलीं. म्हणून १८८५ मध्यें जोतीरावांनीं 'सत्सार' नांवाचें स्वतःचें लहानसें नियतकालिक काढलें. त्याचे दोनच अंक निघाले. परंतु त्या अंकांत काय जावें हें ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

त्याच पुण्यांत, मतांनीं अगदीं दुसऱ्या टोकास असलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनींही हीच वाट धरली होती. सरकारी शाळेंत शिक्षक असतांना १८७४ सालीं त्यांनीं 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत तिचे चौऱ्यायशीं अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा होता. एका लेखकाचें एक मासिक, ठराविक वेळीं येणारें, एका नांवानें ओळखलें जाणारें, असें तिचें स्वरूप होतें. जोतीराव आणि विष्णुशास्त्री ह्यांचें क्वचितच कशांत एकमत झालें असेल; परंतु आपला शब्द आपल्या पानावर असावा ह्या एका गोष्टींत दोघांची कृति सारखीच आहे.

ह्याच काळांतील तिसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्यें पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापला गेला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. त्यावर टीका झाली तेव्हां जोतीरावांनीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंचा कैवार घेतला. म्हणजे एका लेखकाचें स्वतःचें पान दुसऱ्या लेखिकेच्या उपयोगीं पडलें. परंतु त्यानंतर त्या पांचशें प्रती हळूहळू कोठें गेल्या कोणास ठाऊक. ग्रंथाचें नांव लोकांच्या स्मरणांतून गेलें, आणि १९७५ मध्यें डॉ. स. गं. मालशे ह्यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत त्र्याण्णव वर्षें उलटलीं. ताराबाईंस छापखाना मिळाला, नांव मिळालें, पाठही शुद्ध होता. नव्हता तो फक्त मागें राहून प्रत सांभाळणारा मनुष्य.

आतां आपल्या काळाकडे येऊं. जिनीव्हाजवळच्या 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ मध्यें एकमेकांस जोडलेल्या पानांच्या जाळ्याची योजना मांडली. १९९१ मध्यें तें जाळें संस्थेबाहेरील जगास खुलें झालें, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें त्याचा वापर सर्वांस विनामूल्य करून दिला. हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमनें सामान्य ग्राहकांस इंटरनेट देण्यास आरंभ केला. छापखाना, कागद व टपाल ह्यांचा खर्च न करतां पान प्रसिद्ध करण्याची सोय लेखकास प्रथमच मिळाली.

मराठी लेखकाच्या वाटेंत मात्र एक धोंड होती. आरंभीं प्रत्येक फॉन्ट करणारानें देवनागरी अक्षरांस आपापले निरनिराळे क्रमांक दिले होते. वाचकाच्या यंत्रावर तोच फॉन्ट नसेल तर 'ज्ञानेश्वर' हें नांव रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन दिसे. पुण्यांत १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचें मोठें काम केलें. १९९१ मध्यें निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें, तें भारतीय लिप्यांसाठीं आधीं ठरविलेल्या 'इस्की' ह्या संकेतावलीच्याच धर्तीवर. तरी सामान्य संगणकावर ती व्यवस्था रुळावयास दहा वर्षें लागलीं. त्या मधल्या काळांत जुन्या फॉन्टमध्यें टंकलेला मजकूर ज्यांनीं वेळेवर युनिकोडमध्यें आणला नाहीं, त्यांचीं पानें असून नसल्यासारखीं झालीं. बोरू जाऊन खिळे आले आणि खिळे जाऊन क्रमांक आले, तरी प्रत बिघडण्याचें जुनें दुखणें रूप बदलून पुन्हां आलें.

दुसरा धडा 'जिओसिटीज'चा. १९९४ मध्यें निघालेल्या ह्या कंपनीनें पुढें लोकांस फुकट पानें करूं दिलीं. लाखों माणसांनीं तेथें आपापलें बिऱ्हाड मांडलें. पुढें ती 'याहू'नें विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्यें अमेरिकेंत तें काम बंद केलें. ज्यांनीं आपली प्रत घरीं ठेवली नव्हती त्यांचें लेखन दुसऱ्यांनीं वांचविलें तेवढेंच वांचलें. दुसऱ्याच्या वाड्यांत फुकट राहणाऱ्यानें वाडा पडेल तेव्हांचा विचार आधीं करावा, हें आपल्या वाडवडिलांस सांगावें लागत नसे.

एवढें ध्यानांत ठेवलें तर दिघीच्या आपल्या लेखकास काय करावयाचें तें सहज समजेल. संकेतस्थळाचे दोन खर्च असतात: एक नांवाचा, दुसरा जागेचा. नांव म्हणजे डोमेन. तें नोंदविणाऱ्या कंपनीकडे ठराविक मुदतीसाठीं पैसे भरून मिळतें. ऑगस्ट २०१४ पासून तें देवनागरींतही, शेवटीं 'भारत' लावून, घेतां येतें. हें नांव लेखकानें स्वतःच्याच नांवें नोंदवावें. स्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या किंवा उत्साही भाच्याच्या नांवें नव्हे. जागा म्हणजे पानें ठेवण्याचा सर्व्हर. ती भाड्याची असली तरी चालते, कारण नांव आपलें असेल तर बिऱ्हाड हलवितां येतें आणि वाचकास त्याच पत्त्यावर यावयाचें असतें.

पानें थोडीं असावींत. लेखकाचा अर्ध्या पानाचा परिचय. पुस्तकांची यादी, प्रत्येकासमोर प्रकाशनाचें वर्ष, प्रकाशक, आवृत्ति व तें मिळण्याचें ठिकाण. तीन-चार संपूर्ण लेख. छापील पुस्तकांतील चुकांची दुरुस्ती. आणि पत्रव्यवहाराची सोय. दुरुस्तीचें पान बहुतेक जण विसरतात, पण पुढचा संपादक प्रथम तेंच शोधील. हलतीं चित्रें व सजावट नसली तरी अडत नाहीं. साध्या पानास दुरुस्ती कमी लागते आणि खेड्यांतील मंद जोडणीवरही तें उघडतें. मात्र प्रकाशकाशीं केलेला करार आधीं वाचावा. हक्क लिहून दिलेला असेल, तर स्वतःचेंच पुस्तक सबंध तेथें ठेवण्याची मुभा लेखकास राहत नाहीं.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें मुख्य मुद्दा. डोमेनचें नांव विकत मिळत नाहीं. तें भाड्यानें मिळतें, आणि सामान्यतः एका वेळीं दहा वर्षांपलीकडे नोंदवितांही येत नाहीं. भाडें चुकलें कीं कांहीं मुदतीनंतर तेंच नांव कोणीही तिऱ्हाईत घेऊं शकतो. ताराबाईंचा निबंध त्र्याण्णव वर्षांनीं सांपडला, कारण कोठेंतरी एक कागदी प्रत उरली होती. संकेतस्थळाचें भाडें लेखकाच्या मृत्यूनंतर एक वर्ष भरलें गेलें नाहीं, तर पान मिटतें. आपल्या कायद्यानें लेखनाचा हक्क लेखकाच्या पश्चात् साठ वर्षें वारसांकडे राहतो. परंतु हक्क आहे आणि मजकूर नाहीं अशी स्थिति आली, तर तो हक्क घेऊन वारसांनीं करावें काय? १९९६ मध्यें अमेरिकेंत स्थापन झालेली 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था जगांतील पानांच्या प्रती साठवून ठेवते, हा मोठाच आधार आहे. तथापि ती प्रत्येक पान उचलीलच असें नाहीं.

म्हणून स्थळ उघडण्याच्या दिवशींच लेखकानें सर्व मजकुराची एक युनिकोड प्रत घरीं ठेवावी, दुसरी एखाद्या विश्वासू माणसाच्या हवालीं करावी, एक छापील प्रत जवळच्या ग्रंथालयांत द्यावी, आणि नांवाचें भाडें कोठें, केव्हां व कसें भरावयाचें हें कागदावर लिहून त्या माणसास दाखवून ठेवावें. तो मनुष्य पंडित असण्याची गरज नाहीं. चाकणचे संताजीही पंडित नव्हते. घाण्याचें काम सांभाळून त्यांनीं वह्या जपल्या. तेवढी निष्ठा असलेला एक मनुष्य ज्या लेखकास मिळेल, त्याचें ठिकाण त्याच्या पश्चात्‌ही वाचकांस सांपडेल.