काचघर आणि लाल कोळी

उद्यानविद्येचा इतिहास लिहिताना राजेरजवाड्यांच्या बागा, त्यांतील कारंजी आणि दूरदेशींहून आणलेली फुलझाडे यांचेच वर्णन बहुधा केले जाते. त्या झाडांवर कोणती कीड पडली आणि माळ्यांनी तिच्याशी कसा झगडा केला, हे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. तथापि मोठ्या गोष्टीचे मर्म कधीकधी अशा क्षुद्र जिवाच्या चरित्रातच सापडते. काचघरातील शोभेच्या झाडांना छळणाऱ्या लाल कोळ्याची कथा त्यांपैकीच एक होय, असे आम्हांस वाटते.

शास्त्रीय अर्थाने लाल कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि कुळाने तो जाळी विणणाऱ्या कोळ्याचा व गोचिडीचा नातलग आहे. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या पाठीमागे राहून तो पेशींतील रस शोषतो. पानावर आधी बारीक पिवळट ठिपके उमटतात, मग पान निस्तेज व तांबूस होऊन गळते, आणि शेंड्यांवर तलम जाळे पसरलेले दिसते. जर्मन शास्त्रज्ञ कोख याने 1836 मध्ये याच्या सर्वांत उपद्रवी जातीला ‘टेट्रानिकस अर्टिसी’ हे नाव दिले. तिला चालणाऱ्या वनस्पतींच्या जाती हजाराहून अधिक आहेत. त्यांत गुलाब आहे, कार्नेशन आहे आणि ऑर्किडही आहे.

कोखने हे नामकरण केले, त्याच सुमारास इंग्लंडात काचघरांचे युग सुरू होत होते. चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टनने बांधलेले प्रचंड काचघर 1840 मध्ये पुरे झाले. 1845 मध्ये काचेवरील कर उठला, आणि 1848 मध्ये क्यू येथील ताडगृह उभे राहिले. उष्ण प्रदेशांतील वनस्पती थंड देशात जगवण्याची ही हौस पुढे धनिकांच्या वाड्यांतून मध्यमवर्गाच्या घरांपर्यंत पोचली. पण माळ्याने झाडासाठी जे रचले, ते लाल कोळ्यालाच अधिक मानवले. त्याला ऊब हवी आणि कोरडी हवा हवी. तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असले की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो, आणि एक मादी शंभरांपर्यंत अंडी घालते. उघड्यावर पाऊस त्याला धुऊन काढतो आणि भक्षक जीव त्याला खातात. काचेने पाऊस अडवला आणि बहुतेक भक्षकही बाहेरच ठेवले.

त्या काळच्या माळ्यांजवळ दोन उपाय होते. पहिला पाण्याचा. पितळी पिचकारीने पानांच्या खालच्या अंगावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आणि वाटांवर शिंपण करून हवा ओली ठेवायची. दुसरा गंधकाचा. गरम पाण्याच्या नळांवर गंधकाचा लेप द्यायचा, म्हणजे त्याची वाफ हळूहळू घरभर पसरते. यात जोखीम होती. गंधक पेटला तर कोळ्याबरोबर झाडेही मरत. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की कोळ्याच्या माद्या नारिंगी-तांबड्या होऊन लाकडाच्या फटींत दडून बसत आणि वसंतात पुन्हा बाहेर येत. म्हणून हिवाळ्यात काचघराचे लाकूडकाम घासून धुणे हे माळ्याचे ठरीव काम असे. हे सारे कष्टाचे होते, आणि कोळी त्याने निर्मूळ होत नसे, आटोक्यात राही.

विसाव्या शतकात हे कष्ट टाळण्याचे साधन रसायनांत सापडले असे वाटू लागले. डीडीटीची कीटकनाशक शक्ती 1939 मध्ये पॉल म्यूलर याच्या ध्यानी आली. पण हे विष लाल कोळ्याला फारसे बाधत नसे. त्याला खाणारे जीव मात्र त्याने मरत. परिणामी डीडीटीच्या फवारणीनंतर कित्येक ठिकाणी कोळ्याचा उपद्रव वाढलाच. मग आले पॅराथिऑन. जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर याने 1944 च्या सुमारास ते सिद्ध केले. ज्या संशोधनातून टाबून व सारिन हे युद्धातील विषारी वायू निघाले, त्याच संशोधनाचे हे अपत्य होते. ते मज्जातंतूंवर आघात करते, आणि कोळ्याच्या व माळ्याच्या मज्जातंतूंत त्याला भेद करता येत नाही. बंदिस्त काचघरात ते फवारणाऱ्या मजुराला मुखवटा व रबरी पोशाख चढवूनच आत जावे लागे.

एवढे करूनही यश टिकले नाही. 1950 च्या सुमारास अमेरिकेतील गुलाबांच्या काचघरांत पॅराथिऑनला न जुमानणारे कोळी आढळू लागले. याचे कारण त्याच्या जननक्रमात आहे. निषेचन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, त्यामुळे आईकडून आलेला गुण त्याच्यात झाकून राहत नाही. विष पचवण्याचा गुण अशा रीतीने थोड्याच पिढ्यांत सर्वत्र पसरतो, आणि त्याच्या पिढ्या तर आठवड्यांनी मोजायच्या. 2011 मध्ये या जिवाची संपूर्ण जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा विषे निकामी करणाऱ्या जनुकांचा किती मोठा साठा त्याच्याजवळ आहे हे स्पष्ट झाले.

या कोंडीतून वाट दाखवली ती एका योगायोगाने. 1958 मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर डॉसे या संशोधकाला एक वेगळाच कोळी दिसला. तो तांबूस-नारिंगी, तुळतुळीत व चपळ होता, आणि झाडाचा रस न पिता लाल कोळ्यालाच खात होता. ‘फायटोसिउलस पर्सिमिलिस’ हे त्याचे नाव. शोभेच्या झाडांच्या व्यापाराने कीड देशोदेशी नेली होती. त्याच व्यापाराने या वेळी तिचा वैरीही आणून दिला. हॉलंडमध्ये नाल्डवाइक येथे आणि इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टन येथे त्यावर प्रयोग झाले. विषांच्या फवारणीने प्रकृती बिघडलेला यान कोपर्ट हा डच काकडी-उत्पादक याच भक्षकाकडे वळला, आणि 1967 पासून त्याने तो वाढवून विकण्याचा उद्योग मांडला.

हा भक्षक दिवसाला सुमारे पाच प्रौढ कोळी किंवा वीसएक अंडी फस्त करतो. मात्र त्याच्या दोन अटी आहेत. लाल कोळ्यावाचून तो जगू शकत नाही, म्हणून उपद्रव कोवळा असतानाच तो सोडावा लागतो आणि थोडे कोळी शिल्लक राहिलेले सोसावे लागतात. शिवाय कोरड्या हवेत त्याची अंडी सुकतात. हवेत 60 टक्क्यांहून अधिक आर्द्रता असली तर तो जोमाने वाढतो. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की जुन्या माळ्याची पिचकारी आणि ओल्या वाटा येथे पुन्हा उपयोगी पडतात. जे पाणी कोळ्याला जाचते, तेच त्याच्या वैऱ्याला पोसते.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. पुण्याजवळ मावळात, तळेगावच्या परिसरात, प्लॅस्टिकच्या छताखाली गुलाबाची मोठी शेती होते. तेथील शेतकरीही या किडीला लाल कोळी म्हणूनच ओळखतो आणि उन्हाळ्यात तिच्या धास्तीने पंप उचलतो. काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली, एवढाच फरक. पाऊस त्या छताबाहेरच राहतो, आत ऊब साठते, आणि फवारणीने भक्षक मरतात. औषध वरचेवर बदलावे लागते, खर्च वाढतो, आणि ते विष सर्वांत आधी फवारणाऱ्याच्याच अंगावर येते. औषधाला मुळीच हात लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहणे, उपद्रव दिसताच खालची पाने काढून जाळणे, पाण्याने पाने धुणे आणि भक्षक जिवांना मारणारी औषधे टाळणे ही कामे फवारणीच्या आधीची आहेत. चॅट्सवर्थच्या माळ्याला ती करावी लागत होती, आणि मावळातल्या शेतकऱ्यालाही ती चुकलेली नाहीत.