ओसाकाला आधी कापूस गेला

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येते. काळ्या जमिनीचं, कापसा-ज्वारीचं गाव. अशा गावावरून जपानी शहरातल्या पर्यटनाकडे जाणं ओढूनताणून वाटेल, पण वाट खरोखरच इथून जाते. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग परभणीवरून मनमाडला जाऊन मिळाला आणि निजामी मुलखातल्या या टापूच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. मोंढ्यात विकलेल्या कापसातली सरकी जिनिंगमध्ये निघायची, रुई प्रेसमध्ये दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळली जायची, आणि चारेकशे पौंडांच्या त्या गाठी मनमाडला एका डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या दुसऱ्या डब्यात भराव्या लागायच्या. मुंबईच्या बाजारात वऱ्हाड, खानदेश आणि हैदराबाद संस्थानचा माल ‘ऊमरा’ या एकाच व्यापारी नावाखाली मोडायचा. आखूड धाग्याच्या या मालाचं मोठं गिऱ्हाईक होता जपान. ओसाकाच्या गिरण्या तो अमेरिकी कापसात मिसळून सूत काढण्यात तरबेज झाल्या होत्या. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीबरोबर त्यांनी मुंबई ते ओसाकाजवळचं कोबे बंदर अशा बोटी सुरू केल्या. पी. अँड ओ. या ब्रिटिश बोटकंपनीनं दर पाडून त्यांना जेरीस आणलं. टाटांची लाइन लवकरच बंद पडली, जपानी कंपनी मात्र तिथल्या गिरणीवाल्यांच्या पाठबळावर टिकली. मराठी प्रवासी जपानी शहर बघायला निघाला त्याआधीच मराठी मुलखाच्या गाठी तिथल्या धक्क्यावर उतरू लागल्या होत्या.

हा क्रम महत्त्वाचा आहे. परक्या शहरातले पहिले चार दिवस कशात घालवायचे हे त्या शहरातल्या प्रेक्षणीय स्थळांवरून ठरतं, असं आपण धरून चालतो. जपानच्या बाबतीत मराठी माणसाचा इतिहास वेगळं सांगतो. तिथं काय बघायचं याची यादी बराच काळ इथल्या उणिवांवरून तयार होत होती. देऊळ, बाग, फुलांचा बहर या गोष्टी त्या यादीत होत्या, पण फार खाली. वर होत्या शाळा, गिरण्या, काचेच्या भट्ट्या.

याचा पुरावा तुलनेतून मिळतो. १८९९ पर्यंत जपानमध्ये परदेशी माणसाला करारानं परकीयांसाठी खुल्या केलेल्या बंदरांच्या हद्दीबाहेर जायचं तर वेगळा परवाना लागायचा. तेव्हाही युरोपीय पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. चेंबरलेन आणि मेसन यांची प्रवाशांसाठीची जाडजूड मार्गदर्शिका १८९१ मध्ये निघाली होती, आणि १८९३ मध्ये, म्हणजे टाटांच्या बोटी सुटल्या त्याच वर्षी, तोक्योत परदेशी पाहुण्यांच्या सरबराईसाठी ‘किहिनकाई’ नावाची संस्था स्थापन झाली. १९१२ मध्ये जपान टुरिस्ट ब्युरो आला. या सगळ्यांच्या समोर जो पाहुणा होता त्याच्या देशात गिरण्यांचा धूर मुबलक होता. त्याला धूर नसलेलं जपान हवं होतं, आणि जपाननंही ते नीट बांधून त्याच्या हातात दिलं. मराठी माणसाची भूक उलटी होती. १९०४-०५ मध्ये जपाननं रशियाला हरवलं तेव्हापासून इथल्या वृत्तपत्रांना एकच प्रश्न पडला होता, आशियातल्या एका देशानं हे जमवलं कसं? शहर तेच, काळ तोच, तरी दोघांचे पहिले चार दिवस निराळे.

तळेगाव दाभाड्याचं उदाहरण घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी पैसा गोळा करत उभा केलेला पैसा फंड १९०८ मध्ये काचेच्या कारखान्यापर्यंत पोचला, तो ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यामुळे. वार्ष्णेय मराठी नव्हते, पण जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आले होते, आणि मराठी वर्गणीदारांच्या पैशाला त्यांच्या शिक्षणाची गरज होती. १९१० मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड जपानमार्गे अमेरिकेला गेले. शिक्षणसंस्था पाहणं हा तर त्यांच्या परदेशवाऱ्यांचा नेमच होता.

सगळ्यात बोलका दाखला धोंडो केशव कर्वे यांचा. बनारसचे शिवप्रसाद गुप्त जपान पाहून आले होते. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी कर्व्यांना पाठवली. ती चाळून बाजूला पडली आणि १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना पुन्हा हाती आली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलेलं ते विद्यापीठ कर्व्यांना आपल्या मनातल्या योजनेचा नमुना वाटलं. १९१६ मध्ये हिंगण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं, मातृभाषेतून शिकवणारं, अवघ्या पाच विद्यार्थिनींचं. म्हणजे जपान न पाहताच त्यांनी जपानमधून घ्यायचं ते घेतलं होतं! प्रत्यक्ष जाणं झालं ते मार्च १९२९ मध्ये निघालेल्या जगप्रवासात. इंग्लंड, युरोपातल्या शिक्षणपरिषदा, अमेरिका आणि मग जपान, असं करत एप्रिल १९३० मध्ये ते परतले, वयाची बहात्तरी गाठून. तोक्योत त्यांनी पाहिलं ते महिला विद्यापीठ. नारुसे १९१९ मध्येच गेले होते, त्यामुळे ज्यांच्यावरून गिरवलं त्यांची भेट होणार नव्हती. या प्रवासाला पर्यटन म्हणायचं की ताळा पाहणं? माझ्या मते दोन्ही. चौदा वर्षांपूर्वी कागदावरून उतरवलेलं गणित बरोबर आलं की नाही, हे मूळ प्रतीशी पडताळून पाहणं हेच त्यांचं स्थलदर्शन होतं.

यावर सरळ आक्षेप येतो तो हा, की कर्वे, वार्ष्णेय, सयाजीराव ही कामाची माणसं. त्यांच्या दौऱ्यांना सहल कशी म्हणायची? पण हा भेद आपण आजच्या काळातून मागे नेतो. तेव्हा निव्वळ मजेसाठी जपानला जाणारा मराठी मध्यमवर्ग जवळपास नव्हताच, आणि जो गेला त्याच्या मोकळ्या वेळातही घरचा हिशेब सुटला नाही. आजचा हौशी प्रवासीही फार वेगळा नाही. तोक्योत उतरल्यावर पहिल्या दिवशी तो ज्याचे फोटो घरी पाठवतो त्यात मंदिराइतकीच जागा वक्तशीर गाडीला आणि कचरा नसलेल्या फुटपाथला असते.

दुसरा आक्षेप जड आहे. उणिवांची यादी घेऊन फिरणाऱ्याला यजमान दाखवील तेवढंच दिसतं. ज्या ओसाकात ऊमरा कापसाचं सूत निघत होतं तिथं गावाकडून करारानं आणलेल्या मुली वसतिगृहात कोंडल्यासारख्या राहून रात्रपाळ्या करत होत्या. कारखान्यांचा कायदा १९११ मध्ये झाला, लागू व्हायला १९१६ उजाडलं, आणि बायकांची रात्रपाळी १९२९ मध्ये थांबली. कोरिया १९१० मध्ये गिळला गेला होता. जपानच्या कौतुकात गुंतलेल्या आपल्याकडच्या लिखाणात या बाजूला फारच थोडी जागा मिळाली. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये, हिंगण्याचं विद्यापीठ निघालं त्याच वर्षी, जपानमध्ये उभे राहून तिथल्या राष्ट्रवादाविरुद्ध बोलले आणि यजमानांची नाराजी पत्करली. तेव्हा हे दिसणं अशक्य नव्हतं. ही उणीव मान्य करायला हवी. मात्र तिनं मूळ मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. गरज डोळ्यांना दिशा देते, तशी झापडंही लावते. बागा पाहणाऱ्या युरोपीय पाहुण्यालाही त्या मुली दिसल्या नव्हत्याच.

व्यवहाराचा धागा तर शेवटपर्यंत ताणलेला राहिला. जून १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं बिगर-ब्रिटिश सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेणं थांबवलं, आणि १९३४ च्या करारात जपाननं दहा लाख गाठी घ्यायच्या तर ३२.५ कोटी वार कापड इकडे पाठवायचं, असा हिशेब बसला. त्या काळात जपान पाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न तिथल्या फुलबहराचा कोण विचारणार होतं?

बागा वर आल्या त्या युद्धानंतर, आणि तेही हळूहळू. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये जपान रसिकतेनं, निवांतपणे पाहिला गेला. पण तो वाचणाऱ्या बहुतेकांना परकीय चलनाच्या टंचाईमुळे तिकडे जाण्याची सोय नव्हती. १ ऑक्टोबर १९६४ ला शिंकानसेन धावली, ऑलिम्पिक झालं, आणि इथल्या घरांत जपान आला तो बातम्यांतून आणि यंत्रांतून. नव्वदच्या दशकात चलनाचे निर्बंध सैल झाले, मराठी सहल कंपन्यांनी आखून दिलेले दौरे काढले, आणि आज पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं उद्यान उभं आहे, पु. लं.चंच नाव दिलेलं. मूळ बाग इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये सुरू करून १७०० मध्ये पुरी केली. जपानमधून आणायच्या गोष्टींत एके काळी काचेची भट्टी आणि विद्यापीठाचा नमुना होता, आता बाग आली. याला घसरण म्हणणं मला पटत नाही. भट्टी आणायची निकड संपली, एवढाच त्याचा अर्थ.

सगळाच मामला पैशा-यंत्राचा होता, असं मात्र यावरून काढू नये. मराठवाड्याच्या दृष्टीनं आणखी एक यादी आहे, आणि ती दोन्ही दिशांनी चालते. अजिंठा परभणीसारखाच निजामी राज्यात होता. जपानी कलासमीक्षक ओकाकुरा तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेले, आणि १९१७-१८ मध्ये चित्रकार अराई काम्पो यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवल्या. त्या तोक्योत १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. जपानी माणूस मराठवाड्यात पहिल्या दिवशी जे पाहायला येतो ते त्याच्या धर्माचं आजोळ असतं. उलट दिशेनं, सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. कोयासान हे एरवी परदेशी पाहुण्यांच्या यादीतलं देवदारांतलं, धुक्यातलं मठांचं डोंगरगाव. परभणी-नांदेडकडच्या बौद्ध कुटुंबाला मात्र तिथं देवदारांच्या आधी तो पुतळा पाहायचा असेल. नारुसेंच्या विद्यापीठात कर्वे मूळ प्रत पडताळायला गेले होते. हे कुटुंब जाईल ते आपल्या माणसाला परक्या देशात मिळालेली जागा पाहायला, आणि सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात त्यासाठी अर्धा दिवस काढा म्हणून आधी भांडावं लागलं तर भांडेल.