वाङ्निश्चय आणि छायाचित्र

विवाह निश्चित झाल्यावर आणि अक्षता पडण्यापूर्वीं नियोजित वधूवरांनीं एखाद्या किल्ल्यावर, समुद्रकिनारीं अगर जुन्या वाड्यांत जाऊन आपलीं छायाचित्रें काढवून घ्यावयाचीं, हा प्रघात अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. वडील मंडळींची त्याविषयींची नापसंतीही तितकीच रुळली आहे. भोपाळांतील कांहीं समाजसंस्थांनीं तर २०१९ सालीं त्यावर बंदीच जाहीर केली. खर्चाचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मुलीच्या बापाच्या माथीं आणखी एक बाब कशाला, हें म्हणणें रास्तच आहे. परंतु ‘असलें कांहीं आपल्याकडे नव्हतें’ असें जें म्हटलें जातें, तें खरें असलें तरी कां नव्हतें, याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाहीं.

लग्नापूर्वीं चित्र काढविणें ही गोष्ट मुळांत जुनीच आहे. १४२८ सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें पोर्तुगालची राजकन्या इझाबेला हिला मागणी घालण्यासाठीं जें शिष्टमंडळ पाठविलें, त्यांत यान व्हान आइक हा चित्रकार होता. त्यानें काढलेलीं राजकन्येचीं दोन चित्रें, एक समुद्रमार्गें व दुसरें खुष्कीनें, ड्यूककडे रवाना झालीं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठीं होल्बाइन यानें १५३९ सालीं क्लीव्ह्जच्या अ‍ॅनचें चित्र काढलें. १५४० च्या जानेवारींत विवाह झाला आणि जुलैमध्यें तो रद्दही झाला. चित्रकारास शिक्षा झाली नाहीं. संबंध जुळविणाऱ्या क्रॉमवेलचें मस्तक मात्र त्याच महिन्यांत उडालें, अर्थात् त्यास इतर कारणेंही होतीं.

राजेलोकांची ही सोय कॅमेऱ्यानें मजुरांच्या आवाक्यांत आणली. १९०७-०८ च्या करारानें जपानी मजुरांस अमेरिकेचें दार बंद झालें, पण तेथें राहणाऱ्यांच्या बायकांना तें उघडें राहिलें. तेव्हां छायाचित्रांची देवघेव करून विवाह ठरूं लागले. मुलीचें नांव वराच्या कुळाच्या नोंदवहींत चढलें कीं विवाह झाला. मग हातांत फोटो घेऊन तिनें पॅसिफिक ओलांडावयाचा आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांत तो चेहरा शोधावयाचा. कित्येकांनीं आपल्या तरुणपणचे फोटो धाडलेले असत. १९२० सालीं जपान सरकारनें अशा वधूंना अमेरिकेचे परवाने देणें थांबविलें.

या सर्व चित्रांत एक गोष्ट समान आहे. चित्रांत माणूस एकटें असतें आणि तें पाहणारा दूर असतो. तें पसंतीसाठीं काढलेलें चित्र होय. दोघें शेजारीं उभीं आहेत, असें चित्र विवाहापूर्वीं निघावयास आणखी कांहीं लागतें.

तें ‘कांहीं’ म्हणजे यंत्र नव्हे. यंत्र आपल्याकडे फार लौकर आलें. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं होते. पण १८७३ सालीं रमाबाई रानडे यांचें लग्न झालें तें अकराव्या वर्षीं. पुढच्याच वर्षीं आनंदीबाई जोशी यांचें झालें तें नवव्या. एकमेकांस पाहिलेलीं, होकार दिलेलीं, पण अद्याप विवाहबद्ध न झालेलीं दोन प्रौढ माणसें त्या समाजांत मिळणेंच दुर्मिळ होतें. ज्यास आपण वाङ्निश्चय म्हणतों तो तर वडिलांनीं वडिलांस दिलेला शब्द; वधूवरांस त्यांत बोलावयाचें काम नव्हतें. जोडप्याचें छायाचित्र निघालेंच तर तें लग्नानंतर: पति खुर्चीवर विराजमान, पत्नी बाजूस उभी, आणि दोघांची नजर दोन दिशांना.

हा अवधि आपोआप मिळाला नाहीं. बालपणीं संमतीवांचून झालेला विवाह आपणांवर बंधनकारक नाहीं, असें मुंबईच्या रखमाबाईंनीं कोर्टांत सांगितलें. १८८४ सालीं त्यांच्यावर दावा झाला. १८८७ सालीं ‘नवऱ्याकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत’ असा हुकूम झाला, तेव्हां त्या तुरुंगास तयार झाल्या. पुढील सालीं तडजोड होऊन तें प्रकरण मिटलें. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा सारडा कायदा, १९७८ सालीं मुलीसाठीं अठरा व मुलासाठीं एकवीस वर्षें ही मर्यादा, आणि त्याहूनही अधिक म्हणजे मुलींचें शिक्षण, यांनीं तो अवधि इंचाइंचानें वाढविला. आजचीं छायाचित्रें त्या अवधींत निघतात.

तीं सर्व सुंदर असतात, असें आमचें म्हणणें नाहीं. तैवानांत हा व्यवसाय आपल्या कितीतरी आधीं भरभराटीस आला आणि तेथें वधूला इतकें सजवितात कीं ओळखतां येऊं नये. आपल्याकडेही छायाचित्रकार सांगेल तसें हंसावयाचें व सांगेल तिकडे पाहावयाचें असतें. शिवाय पत्रिकेबरोबर मुलीचा एकटीचा फोटो धाडण्याची जुनी चाल यामुळें बंद पडली असेंही नाहीं. रंग उजळलेला तो फोटो अजून घरोघर फिरतोच आणि त्याबद्दल मात्र कोणाची संस्था बंदी घालीत नाहीं.

कांहीं घरीं अद्यापि खबरदारी म्हणून अशा वेळीं धाकट्या बहिणीस दोघांच्या सोबत धाडतात. छायाचित्रकार तिच्या हातीं चकचकीत रिफ्लेक्टर देतो, आणि ती चौकटीबाहेर उभी राहून त्या दोघांच्या तोंडावर ऊन पाडीत असते.